मेघस्तंभ मागे वळतो तेव्हा

शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय १४ वा, वचने १ ते ३१

मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांच्या पहिल्या मजला पवित्र शास्त्रात मुक्कामवार लिहून ठेविल्या आहेत. रामसेस सोडून ते सुक्कोथास आले. सुक्कोथाहून निघून रानाच्या सीमेवर एथाम येथे त्यांनी तळ दिला. मागे दास्याचा देश राहिला होता व पुढे रान मोकळे होते. दिवसा मेघस्तंभ व रात्री अग्निस्तंभ त्यांच्यापुढे चालत होता. अशा वेळी कोणासही वाटेल की आता होईल तितक्या त्वरेने पुढे जावे आणि फारोच्या हाताबाहेर व्हावे, एवढेच काय ते उरले आहे. परंतु चौदाव्या अध्यायाच्या आरंभी परमेश्वराने मोशेस जी आज्ञा केली ती ह्याच्या अगदी उलट आहे. लोकांनी मागे वळावे, आणि मिग्दोल व समुद्र ह्यांच्या दरम्यान, पीहहीरोथापुढे, बालसफोनाच्या समोर समुद्रकाठी डेरे द्यावेत, अशी ती आज्ञा होती.

ही गावे नेमकी कोठे होती ह्याविषयी पंडितांचे एकमत नाही. पण त्या मुक्कामाची अडचण समजण्यास नकाशाची गरज पडत नाही. एका अंगास पाणी, दुसऱ्या अंगास शत्रूचा देश, आणि बरोबर म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या स्त्रिया व गुरेढोरे. मोकळ्या वाटेवर असलेल्या लोकांस देवाने स्वतः वळवून कोंडीत आणिले. फारोच्या कानी ही बातमी गेली तेव्हा त्याने काय अनुमान केले हेही त्याच अध्यायात आहे. हे लोक देशात घोटाळले, रानाने त्यांस कोंडून धरिले, असे त्याने मनात आणिले. आणि निवडक सहाशे रथ व मिसरातले इतर सर्व रथ जोडून तो पाठीस लागला.

प्रिय बंधुभगिनींनो, हा प्रसंग फार जुना असला तरी त्यातला प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस परका नाही. कोणी मुलगी शहरात परिचारिकेचे काम शिकून चांगल्या पगारावर लागते. आणि घरी बाप अर्धांगवायूने पडला, त्याचे करावयास कोणी नाही, म्हणून तिला गावी परतावे लागते. एखाद्या शिक्षकाने तालुक्याच्या गावी बिऱ्हाड थाटलेले असते. आणि जेथे पाण्यासाठी मैलभर चालावे लागते त्याच वाडीत पुन्हा सेवा करण्याचे पाचारण त्यास होते. दोन भावांत बांधावरून वितुष्ट आलेले असते. एकाने गाव सोडून मनाची शांती मिळविलेली असते. आणि प्रार्थनेत बसला असता त्याच्या मनास एकच गोष्ट टोचते की, परत जा व भावाशी समेट कर. अशा वेळी मनुष्य म्हणतो, "देवाने मला ह्यातून एकदा सोडविले होते ना? मग तोच मला पुन्हा ह्यात कसा नेईल? मी ऐकण्यात चुकलो काय?" त्या प्रश्नाचे उत्तर ह्या शास्त्रपाठात शोधावे असे आम्ही योजिले आहे.

पहिली गोष्ट ही की, इस्राएल लोक वाट चुकले नव्हते. फारोस ते चुकले असे दिसले, आणि जगाच्या दृष्टीने त्याचा हिशेब बरोबर होता. परंतु मेघस्तंभ दिवसा व अग्निस्तंभ रात्री लोकांपुढून कधी हालला नाही, असे तेराव्या अध्यायाच्या शेवटी सांगून मगच शास्त्रलेखक आम्हांस ह्या कोंडीकडे नेतो. लोकांस धीर द्यावा म्हणून तो स्तंभ संकट आल्यावर पाठविला नव्हता. जो स्तंभ एथामापर्यंत होता, त्याच्याच मागून चालत ते समुद्रकाठी आले. म्हणून अडचण आली एवढ्यावरून देवाने सोडिले असे अनुमान काढणे हा फारोचा न्याय होय. विश्वासणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारावा. ज्याच्या आज्ञेने आम्ही येथे आलो तो आमच्यासंगती आहे की नाही? तो असेल, तर मागे वळलेली वाटही त्याचीच वाट आहे.

दुसरी गोष्ट, देव आपल्या लोकांच्या बळाचे माप जाणतो. तेराव्या अध्यायात एक वचन आहे, त्याकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. पलिष्टी लोकांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती. तरी देवाने लोकांस त्या वाटेने नेले नाही. युद्ध पाहून त्यांचे मन खचेल व ते मिसरास परत जातील, हे त्याचे कारण तेथे दिले आहे. मग ज्या देवाने त्यांस युद्धाचे दर्शन होऊ नये म्हणून लांबच्या वाटेने नेले, त्यानेच थोड्या दिवसांत त्यांस फारोच्या रथांसमोर कसे उभे केले? आमच्या समजुतीप्रमाणे ह्याचे उत्तर असे आहे. पलिष्ट्यांच्या वाटेवर लढाई त्यांस स्वतःच्या हातांनी लढावी लागली असती, आणि पाठीमागे मिसराची वाट पळून जाण्यास मोकळी राहिली असती. समुद्रकाठी लढाई देवाची होती, आणि पळून जाण्यास वाट उरलीच नव्हती. जे ओझे त्यांस झेपले नसते ते त्याने चुकविले. जे त्याने स्वतः उचलावयाचे ठरविले होते तेथे मात्र त्यांस नेऊन उभे केले. म्हणून कोणाच्या वाट्यास आलेले कष्ट पाहून देव निर्दय आहे असे म्हणू नये. त्याने आम्हांस न कळविता किती संकटे बाजूस सारिली ह्याची मोजदाद आमच्याजवळ नाही.

तिसरी गोष्ट, आज्ञा पाळणाऱ्या लोकांस भय वाटले, आणि ते शास्त्राने झाकून ठेविले नाही. परमेश्वराने मोशेस पुढे काय होणार ते सांगितले होते. फारो पाठलाग करील व त्याच्याकडून देवाचे गौरव होईल, हे मोशेस ठाऊक होते. ते सर्व लोकांस सांगितले होते असे लिहिलेले नाही. त्यांनी तसे केले, एवढेच चवथ्या वचनाच्या शेवटी आहे. मग दृष्टी वर करून पाहतात तो मिसरी लोक येत आहेत! तेव्हा त्यांनी परमेश्वराचा धावा केला, आणि त्याच श्वासात मोशेस दोष लाविला. मिसरात कबरा नव्हत्या म्हणून आम्हांस येथे मरावयास आणिले काय, असे त्यांचे बोलणे होते. ह्या लोकांविषयी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात काय म्हटले आहे ते पाहा. विश्वासाने ते तांबड्या समुद्रातून कोरड्या भूमीवरून गेल्यासारखे गेले, असा त्यांचा उल्लेख विश्वासवीरांच्या मालिकेत आहे. कुरकुर करणारे, थरथर कापणारे तेच हे लोक! त्यांची कुरकुर चांगली होती असे प्रेषित म्हणत नाही. पण कापत्या पायांनी का होईना, ते पाण्यामध्ये चालले, आणि तेवढे चालणे देवाने विश्वास म्हणून मोजिले. ज्या बहिणीचे मन गावी परतताना भरून येते, ज्या भावाची पावले समेटास जाताना अडखळतात, त्यांनी आपणांस अविश्वासी समजू नये. रडत रडत केलेले आज्ञापालन हेही आज्ञापालनच होय.

चवथी गोष्ट फार महत्त्वाची आहे, व ती नीट समजून घेतली पाहिजे. मागे वळणे आणि मिसरात परतणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवाने लोकांस समुद्राकडे वळविले. विटांच्या भट्टीकडे त्यांस एकदाही परत पाठविले नाही. मोशेस मात्र त्याने मिद्यानातून खुद्द मिसरात परत पाठविले होते, हे खरे. तो तेथे गेला, आणि पहिले फळ असे मिळाले की फारोने लोकांस गवत देणे बंद केले व विटांची संख्या तीच ठेविली. कष्ट कमी न होता वाढले, आणि लोकांच्या नाइकांनी मोशेस शिव्याशाप दिले. पण तेथेही त्यास गुलाम होण्यास पाठविले नव्हते. गुलामांस सोडविण्यास पाठविले होते. म्हणून देवाचे नेणे मनुष्यास कष्टाकडे परत नेईल, दुःखाकडे परत नेईल, ज्या माणसांनी लाथाडिले त्यांच्याकडेही परत नेईल. परंतु पापाकडे व पापाच्या दास्याकडे ते कधीही परत नेणार नाही. ज्याने दारू सोडिली त्याच्या मनात जुन्या सोबत्यांच्या बैठकीत पुन्हा जाऊन बसावे असे आले, तर तो मेघस्तंभ नव्हे.

ह्याचीच दुसरी बाजू गणनेच्या चौदाव्या अध्यायात आहे. कादेश येथे हेरांचे बोलणे ऐकून लोकांनी एक नाईक नेमून मिसरास परत जाण्याचा विचार केला. कालेब व यहोशवा ह्यांनी कपडे फाडून विनविले, तरी त्यांनी ऐकिले नाही. तेव्हा देवाने त्यांस दुसऱ्यांदा मागे वळण्यास सांगितले. उद्या तांबड्या समुद्राच्या वाटेने रानात कूच करावी अशी आज्ञा झाली. ह्या वेळी मागे वळणे ही शिक्षा होती. चाळीस वर्षांचे रान त्यांच्यापुढे होते. आणि आता ते काय करितात? पहाटे उठून, आम्ही पाप केले असे म्हणत, ते डोंगराच्या माथ्यावर चढून जाऊ लागले. तोंडाने पश्चात्ताप, पायांनी पराक्रम! मोशेने त्यांस अडविले. परमेश्वर तुमच्यामध्ये नाही असे बजाविले. कराराचा कोश व मोशे छावणीतून हालले नाहीत. तरी ते गेले, आणि अमालेकी व कनानी ह्यांनी त्यांस हर्मापर्यंत मारीत नेले. ह्यावरून दिसते की पुढे जाणे हाच विश्वास व मागे येणे हाच अविश्वास, असा नियम नाही. समुद्राकडे मागे वळणारे आज्ञाधारक होते. डोंगरावर पुढे धावणारे आज्ञाभंग करणारे होते. कोणत्या दिशेने तोंड आहे हे विचारून उपयोग नाही. कोणाच्या शब्दावरून पाऊल उचलिले हे विचारावे. आणि देवाची शिक्षा म्हणून जे रान वाट्यास आले आहे, ते मुकाट्याने चालून जाणे हेही आज्ञापालनच आहे. त्या रानातही त्याने मान्ना बंद केला नाही.

पाचवी गोष्ट, देव वाट उघडितो ती बहुधा रात्री. मोशेने लोकांस भिऊ नका, उभे राहा, असे सांगितले. आणि लगेच परमेश्वराने त्यास, माझा धावा काय करितोस, लोकांस पुढे चालण्यास सांग, असे म्हटले. आधी स्थिर राहणे व मग चालणे, असा हा क्रम आहे. ह्या दोहोंच्या मध्ये एक सबंध रात्र गेली. मेघस्तंभ पुढून निघून पाठीमागे आला व दोन्ही छावण्यांच्या मध्ये उभा राहिला. मिसऱ्यांस तो काळोख झाला व इस्राएलास त्याने रात्री उजेड दिला. जो वाट दाखवीत होता तोच आता पाठीराखा झाला. आणि रात्रभर पूर्वेचा मोठा वारा वाहत होता. त्या वाऱ्याचा विचार करून पाहा. समुद्रकाठी उघड्यावर डेरे, डेऱ्यांचे कापड फडफडत आहे, लेकरे रडत आहेत, पाठीस रथ आहेत, आणि त्यातच हा सोसाट्याचा वारा! पुष्कळांस वाटले असेल की संकटात ही आणखी एक भर पडली. परंतु तोच वारा पाणी मागे हटवून त्यांच्यासाठी भूमी कोरडी करीत होता. आमच्या घरावर सुटलेला वारा कोणत्या कामास लाविलेला आहे, हे आम्हांस रात्री कळत नाही. वारा कोणाच्या हातात आहे एवढे कळले म्हणजे पुरे.

ह्या सर्व गोष्टींची पूर्णता आमच्या प्रभूमध्ये झाली आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू यार्देनेच्या पलीकडे गेला होता. यहूदीयात लोकांनी त्यास धोंडमार करण्यासाठी धोंडे उचलिले होते. पलीकडे मात्र पुष्कळांनी त्याजवर विश्वास ठेविला. तेथे सेवा चांगली चालली होती व जिवास धोका नव्हता. इतक्यात बेथानीहून निरोप आला की लाजर दुखणाईत आहे. दोन दिवसांनी प्रभूने शिष्यांस सांगितले की आपण पुन्हा यहूदीयात जाऊ. शिष्य चकित झाले. नुकतेच जेथे आपणास मारावयास पाहत होते तेथे पुन्हा जाता काय, असे त्यांनी विचारिले. थोमाने तर आपणही त्याच्याबरोबर मरावयास जाऊ या असे म्हटले. त्याच्या बोलण्यात आशा नव्हती, तरी निष्ठा होती, आणि तो मागे राहिला नाही. प्रभू परत का गेला? कारण कबरेत मित्र होता आणि दारात दोन बहिणी रडत होत्या. त्या परत जाण्याने लाजर जिवंत झाला. आणि त्याच कृत्यामुळे सभा भरवून अधिकाऱ्यांनी प्रभूस जिवे मारण्याचा निश्चय केला. लाजराचे जीवन व प्रभूचा वधस्तंभ हे एकाच वाटेवर होते. म्हणून पित्याने आपल्या पुत्रास ज्या वाटेने नेले ती वाट आमच्या वाट्यास आली असता आम्ही नवल मानू नये. ज्या वाटेवर आम्हांस जावयाचे आहे तीवर त्याची पावले आधीच उमटलेली आहेत.

आमच्या महाराष्ट्राच्या मंडळीच्या इतिहासातही ह्याच्या साक्षी आहेत. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. कंपनी सरकारचा हुकूम होता की त्यांनी हिंदुस्थानात राहू नये. त्यांस विलायतेस परत पाठविण्याचे ठरले. तेव्हा ते जहाजाने गुपचूप दक्षिणेकडे निघाले. पण कोचीन येथे पकडले जाऊन त्यांस मुंबईस परत आणिले. ज्या शहरातून ते निसटले होते तेथेच त्यांस हद्दपारीची वाट पाहत बसावे लागले. बाहेरून पाहणाऱ्यास ही कोंडीच दिसली असेल. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांस राहण्याची परवानगी मिळाली, आणि मराठी भाषेतील अमेरिकन मिशनचे काम उभे राहिले. पुढे सर्व सुखाचे झाले असे मात्र नाही. प्रकृती ढासळल्यामुळे नॉट ह्यांस १८१५ साली परत जावे लागले. मागून येऊन मिळालेले सॅम्युएल न्यूएल, ज्यांची पत्नी हॅरिएट १८१२ साली मॉरिशस बेटात वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी वारली होती, ते १८२१ साली पटकीने मरण पावले. हॉल हे १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकाकडे गेले असता तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे लोकांस वाटून परत येत असता त्याच रोगाने, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या नव्या कराराच्या भाषांतरासाठी ह्या मंडळींनी कष्ट केले, तो त्याच वर्षी मराठीत छापून निघाला. समुद्र दुभागला, तरी पलीकडे रान होतेच.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. तरुणपणी दुष्काळात थोड्याच काळाच्या अंतराने त्यांचे वडील, आई व वडील बहीण अन्नान्न करून वारली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. पुढे इंग्लंड व अमेरिका पाहून, विदुषी म्हणून मान मिळवून, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन उघडिले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. अशा स्थितीत १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतात लोक मरत आहेत असे ऐकून रमाबाई तेथे गेल्या. ज्या यातनेतून देवाने त्यांस बाहेर काढिले होते तिच्याच तोंडाशी त्या पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली व विधवा त्यांनी आणिल्या. पुण्यात तेव्हा प्लेगाची धास्ती होती, नव्या मुली तेथे ठेविता येईनात. म्हणून त्यांस केडगावच्या शेतात नेले, आणि त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. ज्याने भूक सोसली त्यास भुकेल्याची दृष्टी ओळखू येते. देवाने त्यांस दुःखाकडे परत नेले ते दुःख पुन्हा भोगावे एवढ्यासाठी नव्हे. पहिल्या दुःखात जे शिकल्या ते दुसऱ्यांच्या कामी यावे म्हणून नेले.

येथे एक सावधगिरीची सूचना न दिल्यास आमचे कर्तव्य अपुरे राहील. हा उपदेश दुसऱ्याच्या गळ्यात जोखड घालण्याकरिता कोणी वापरू नये. इस्राएलास मागे वळण्याची आज्ञा परमेश्वराने दिली, फारोने नव्हे. एखादी बहीण नवऱ्याच्या मारहाणीस कंटाळून माहेरी आली असता, मंडळीतील वडीलधाऱ्यांनी देवाची इच्छा असे म्हणून तिला पुन्हा त्याच काठीखाली लोटणे हे शास्त्र नव्हे. कष्टाची वाट देव तुला दाखवितो असे दुसऱ्यास सांगणारा स्वतः सावलीत बसलेला असेल, तर त्याच्या शब्दाविषयी संशय धरावा. उचल फेडण्यासाठी पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या दारी राबणाऱ्या कुटुंबास, दास्य हेच तुझे नशीब, असे पाळकाने कधी सांगू नये. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झालेली आहे. आणि मिसराच्या दास्यातून लोकांस सोडविणारा देव त्या कायद्याहून फार जुना आहे. जुलूम सोसणाऱ्यास आश्रय देणे, त्यास न्यायाच्या दारापर्यंत सोबत करणे, हे मंडळीचे काम होय. त्याचप्रमाणे, स्वतःच्या आळसाने पेरणी चुकली, ऐपत नसता लग्नात कर्ज काढिले, आणि मग देवाने आम्हांस ह्या परीक्षेत घातले असे म्हणणे हेही बरे नव्हे. तेथे आधी चूक कबूल करावी; देव अशासही रानात अन्न देतो, परंतु चुकीस मेघस्तंभ म्हणू नये.

मग देवाचे नेणे ओळखावे कसे? आम्ही चार साध्या खुणा सांगतो. पहिली, जी वाट पवित्र शास्त्राच्या उघड आज्ञेच्या विरुद्ध आहे ती त्याची नव्हे. दुसरी, त्या वाटेच्या शेवटी बहुधा कोणी तरी माणूस असतो, ज्यावर प्रीती करावयाची असते. कबरेत लाजर असतो, दारात मार्था असते. केवळ आपला मान राखण्यासाठी पत्करिलेले कष्ट देवाने सांगितलेले नसण्याचा संभव मोठा आहे. तिसरी, प्रार्थनेत ती गोष्ट पुनःपुन्हा समोर येते, आणि टाळू पाहिले असता मन स्वस्थ राहत नाही. चवथी, आपल्याहून वडील व देवभीरू अशा दोघातिघांच्या सल्ल्याने ती पारखिली असता टिकते. इतके झाले म्हणजे मग उद्याचा सर्व नकाशा मागत बसू नये. इस्राएलास पीहहीरोथापर्यंतचीच आज्ञा होती. समुद्रातली वाट त्यांस तेथे पोहोचल्यावर मिळाली. एथामास बसून त्यांनी ती मागितली असती तर ती मिळाली नसती.

आणि समुद्र ओलांडल्यावर काय झाले, हेही विसरू नये. पंधराव्या अध्यायात आधी मोशेचे व मिर्यामेचे गीत आहे, डफ व नाच आहेत. आणि त्याच अध्यायात तीन दिवस पाणी न मिळाल्याची व मारा येथील कडू पाण्याची हकीकत आहे. त्यानंतर एलीम येते, जेथे पाण्याचे बारा झरे व सत्तर खजुरीची झाडे होती. देवाने मागे नेऊन एक समुद्र पार करविला म्हणजे पुढे सर्व वाट सपाट, असे वचन त्याने दिलेले नाही. त्याने आपली सोबत देण्याचे वचन दिले आहे. मारास तोच होता व एलीमासही तोच होता.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी ज्यास आज मागे वळण्याची आज्ञा झाली आहे, त्याने प्रभूशी वाद घालीत एथामास बसून राहू नये. बापाच्या खाटेपाशी परत गेलेल्या मुली, तुझ्या हातातील शिक्षण वाया गेले असे समजू नकोस. ज्या गावात आजाऱ्यास विचारणारे कोणी नाही तेथे देवाने तुला नेऊन ठेविले आहे. भावाच्या अंगणात पुन्हा पाय ठेवणाऱ्या बंधो, त्याने दार उघडिले नाही तरी तुझे आज्ञापालन पूर्ण झाले. दार उघडणे हे देवाचे काम आहे. वाडीत परत आलेल्या गुरुजी, तुमच्या शाळेत पाच मुले आली तरी त्या पाचांस शिकवा. आणि बाकीच्या मंडळीने अशांस हे लोक घोटाळले असे फारोसारखे म्हणू नये. त्यांच्या घरी जावे, त्यांचे पाणी भरावे, त्यांच्या पेरणीस बैलजोडी द्यावी, त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. मेघस्तंभ देवाचा होता, पण डेरे ठोकण्यास शेजाऱ्याचेच हात लागले असतील.

हे प्रभू, तू आमचा मेंढपाळ आहेस. जेथून आम्ही सुटलो तेथेच तू आम्हांस पुन्हा नेतोस तेव्हा आमची मने कचरतात. तू आमच्यासंगती आहेस हे आम्हांस दाखीव. आमच्या पायांस बळ दे. आम्ही पापाकडे परतू लागलो तर आम्हांस अडीव, आणि प्रीतीच्या कामाकडे परतण्यास भितो तर आम्हांस हात धरून ने. रात्री वाहणारा वारा तुझ्या आज्ञेत आहे असा भरवसा आम्हांस दे. जो तुझा पुत्र आमच्यासाठी यहूदीयात परत गेला, त्याच्या नावाने मागतो. आमेन.